खोकला जुनाच आहे

बैठक शाळेच्या पटांगणात होती, कारण आत बसायला बंदी होती. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीभोवती चुन्याचा गोल. दहा मिनिटांत सगळे खुर्च्या ओढत जवळ आले. लांबून भांडता येत नाही.

सुट्ट्या आठवड्यावर आल्या होत्या. शहरातली पोरं, सुना, नातवंडं गावाकडे निघायच्या बेतात होती. त्यांना येऊ द्यायचं का, आलीच तर कुठे ठेवायचं, आणि घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांना बंदी घालायची का, एवढं ठरवायचं होतं.

घरोघरी जाऊन काम करणारे म्हणजे आम्ही. गादीवाले. बाबा आणि मी.

आमचं काम तसं सोपं आहे. जुनी गादी फाडायची, दगड झालेला कापूस बाहेर काढायचा, मशीनमधून पिंजून मोकळा करायचा, परत खोळीत भरायचा, काठीने बडवून सारखा करायचा आणि दाभणाने टाके घालायचे. अवघड आहेत ती माणसं. आपला कापूस कोणी नजरेआड होऊ देत नाही. गादी आमच्या घरी टाकून जा म्हटलं तर लोकांना वाटतं, आमचा चांगला काढून घेतील आणि दुसऱ्याचा सडका भरतील. म्हणून मशीन हातगाडीवर घालून त्यांच्या ओसरीत न्यायचं. मालक समोर खुर्ची टाकून बसणार आणि शेवटचा टाका पडेपर्यंत उठणार नाही. पाहुणे यायच्या आधी सगळ्यांनाच गाद्या करून हव्या असतात. आमचं वर्ष त्या पंधरा दिवसांवर चालतं.

मास्तर उभे राहिले. रिटायर झालेत, पण उभे राहिले की अजून सगळे गप्प होतात. मास्कमुळे त्यांच्या चष्म्यावर वाफ धरत होती, ते बोटाने पुसत होते.

"बाहेरून येणाऱ्याने दहा दिवस शाळेत राहायचं. मग घरी जायचं. मी एवढंच म्हणतो."

"मास्तर," दुकानदार बसल्या जागेवरून म्हणाला, "सुट्टीच दहा दिवसांची. म्हणजे माझा पोरगा येणार, शाळेत झोपणार आणि शाळेतूनच परत जाणार. आम्ही तुमच्या शाळेतून पळून जायचो, आता पोरांना मुद्दाम कोंडायचं?"

सगळे हसले.

"हसा," मास्तर म्हणाले. "गेल्या महिन्यात खालच्या आळीत दोघं गेले तेव्हा कोण हसलं होतं?"

"त्यातला एक नव्वदीचा होता."

"मग? नव्वदीच्या माणसाने जायचंच असतं का? माझी आई ब्याऐंशीची आहे."

दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. सगळं उघडा. ज्याला भीती वाटते त्याने घरात बसावं. हे सांगणारा माणूस स्वतः दुकानाच्या खिडकीतून सामान द्यायचा, तेही दोन हात लांब काठीला डबा बांधून. त्याच्या उंबऱ्याच्या आत नऊ महिन्यांत कोणी पाय टाकला नव्हता. कोण काय बोलतंय आणि कोण काय करतंय याचा त्या वर्षात काही मेळ नव्हता.

कमिटीचा अध्यक्ष मध्ये पडला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, त्याला माईक लागत नाही. "एकेक बोला रे, एकेक!"

आणि तेवढ्यात बाबांना खोकला आला.

बाबांचा खोकला एकदा सुरू झाला की मध्येच थांबत नाही. ते पुढे वाकले, गुडघ्यांवर हात टेकले, मानेच्या शिरा वर आल्या. तोंडावर त्यांचा फडका होताच. तो तर ते तीस वर्षं बांधतायत, कापसाची तूस नाकात जाते म्हणून. दुकानदाराने खुर्ची उचलली नाही, बसल्या बसल्याच मागे ढकलली. कर्रर्र. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनीच. बघता बघता मध्ये बाबा एकटे आणि भोवती रिकामं पटांगण.

खोकला संपल्यावर बाबांनी वर बघितलं. "बसा, बसा," ते म्हणाले. "मीच जातो." आणि उठून पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभे राहिले. तिथून ऐकत होते.

मास्तर खाली बघत म्हणाले, "कोणाचं मन दुखवायचं नाही मला. पण गादीवाले रोज एका घरात जातात. दिवसभर बसतात. धुरळा उडतो. आणि त्यांना खोकला आहे. हे मी सांगत नाही, आत्ता सगळ्यांनी ऐकलं."

मी आयुष्यात कधी चारचौघांत बोललो नव्हतो. पण टाकीखाली बाबा फडक्याची गाठ परत परत सारखी करत होते. ते बघून मी उभा राहिलो.

"बाबांचा खोकला माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे," मी म्हणालो. "घरात आधी तो आला, मग मी."

कोणीतरी फस्सकन हसलं. मला जोर आला.

"तुमच्या लग्नात गाद्या कोणी भरल्या? बाळंतिणीच्या कोणी भरल्या? तेव्हा बाबा खोकत नव्हते? तेव्हा तर कोणी खुर्ची मागे घेतली नाही. रोज ज्याच्यावर पाठ टेकता ना, त्याचाच खोकला आहे हा. जुनाच आहे."

"पोरगं खरं बोललं!" दुकानदार ओरडला. त्याला माझ्या बाबांशी देणंघेणं नव्हतं, मास्तरांना हरवायचं होतं. पण हात वर झाले. मी मोजले नाहीत, खूप होते. ठरलं असं की बाहेरून येणाऱ्यांचं ज्याचं त्याने बघावं. कामवाल्यांना तोंड बांधून परवानगी. आणि कोणाच्या घरात खोकला निघाला तर दाराला लाल कापड, चौदा दिवस ना आत ना बाहेर. भोंग्याने मोठ्याने वाचत लिहिलं, "जुना खोकला सोडून."

ते तीन शब्द माझ्यामुळे नियमात आले. घरी जाताना मी जरा छाती काढूनच चाललो होतो. फाटकापाशी आल्यावर बाबा म्हणाले, "बाळंतिणी मध्ये आणायची काय गरज होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी मास्तर. मला वाटलं भांडायला आले.

"पहिलं काम माझं करा," ते म्हणाले. "आईची गादी लाकूड झालीय. पाठ सोलवटलीय तिची. आणि रविवारी नातवंडं येतायत."

"पण मास्तर, तुम्हीच तर..."

"मी शाळेत ठेवा म्हणत होतो. गाव नको म्हणालं. आता माझीच नातवंडं शाळेत ठेवू? आणि तुम्हाला बोलावलं नाही तर लोक म्हणतील मास्तर रुसला. हरलो म्हणजे हरलो." त्यांनी चष्मा पुसला. "वर्ष झालं रे पोरांना बघून."

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही मास्तरांच्या ओसरीत होतो. चार गाद्या, सहा उशा. आजींची गादी फाडली तर आतून कापूस नाही, ढेकळं निघाली. काळपट, घामाने धरलेली. मशीनचा पट्टा चढवला, मोटर चालू केली, दात्यांचा रोल फिरायला लागला. बाबा मुठीमुठीने ढेकळं सोडत होते आणि पुढून पांढरं उडत होतं. थोड्या वेळात ओसरी, कुंड्या, चपला, आमच्या भुवया, सगळ्यावर तूस.

आजी खुर्चीत. हातात काठी, नजर कापसावर. मास्तर आतून ओरडायचे, "आई, लांब बस!" त्या खुर्ची एक वीत मागे घेतल्यासारखं करायच्या आणि मास्तर आत गेले की दोन विती पुढे.

"ही गादी तूच भरली होतीस ना?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो आजी, सोळा वर्षं झाली."

"काय?"

"सोळा वर्षं!"

"फडक्यातून काय पुटपुटतोस? मला ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. काढ ते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी फडका हनुवटीखाली ओढला. "सोळा वर्षं झाली, आजी."

"मग टिकली की," आजी म्हणाल्या. "तेव्हाही असाच खोकत होतास मेल्या. म्हटलं, गादी भरून व्हायच्या आधी जातोय हा."

बाबा हसले, हसताना खोकला आला, आणि आजीही हसत राहिल्या. दोन दिवसांत तो फडका किती वेळा खाली आला ते मला सांगता येणार नाही. म्हातारं माणूस बोलतंय, उत्तर द्यायला नको?

शुक्रवारी संध्याकाळी नवी गादी खाटेवर टाकली. आजी तिच्यावर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आता कोणी उठवू नका."

शनिवारी सकाळी मी हातगाडीच्या चाकाला तेल घालत होतो. दुसऱ्या घरी जायचं होतं. बाबा आत खोकत होते. आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"खोकला."

"मग? रोजचाच आहे."

"नाही." ती राखेचे हात तसेच वर धरून बसली होती. "थांब. परत येईल."

परत आला. मला काही फरक कळला नाही.

"तुझ्या बाबांचा खोकला वरून येतो," आई म्हणाली. "घसा खरवडत. शेवटी शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, मग थुंकतात, मग संपतो. हा खालून येतोय. पोटातून. आणि शेवटी शिट्टी नाही. पहाटेपासून ऐकतेय."

"आई, काहीतरीच काय."

"तीस वर्षं शेजारी झोपतेय मी. तू सांगणार मला?"

बाबा दारात आले. "काय चाललंय?"

"हा खोकला तुमचा नाही," आई म्हणाली.

"मग काय उसना आणलाय?"

"चेष्टा करू नका. इकडे या." तिने ओल्या मनगटाने त्यांचं कपाळ बघितलं. "गरम आहे."

"चुलीपाशी बसलो होतो. आणि तुझे हात गार आहेत. मास्तरांचा कापूस कुजका होता, सगळा भुगा छातीत गेला. दोन दिवसांत बसेल."

"वास येतोय का? लोक म्हणतात वास जातो." तिने तेलाची वाटी त्यांच्या नाकाखाली धरली.

"मला वीस वर्षं वास येत नाही," बाबा म्हणाले. "तुला माहीत आहे."

हे खरं होतं. तुशीने त्यांचं नाक कधीच गेलंय. दूध उतू गेलेलंही त्यांना दिसल्यावर कळतं. म्हणजे दुसऱ्या माणसाला ज्याच्यावरून कळतं त्यातलं एकही आमच्या कामाचं नव्हतं. खोकला आधीच होता, दम आधीच लागत होता, वास आधीच गेला होता. उरला आईचा कान.

मी नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तपासणीची गाडी सोमवारी येईल. मी म्हटलं, आत्ता काय करू? त्या म्हणाल्या, "गादीवाल्यांना खोकला? अरे, तो तर जुना आहे ना? बैठकीत तूच बोललास म्हणे." मागे कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. फोन बंद झाला.

सोमवारी गाडी येणार. नातवंडं रविवारी. आणि आजी नव्या गादीवर.

मी निघालो. टाकीपर्यंत गेलो आणि कठड्यावर बसलो. काय सांगणार होतो मी मास्तरांना? माझ्या आईला शिट्टी ऐकू आली नाही म्हणून तुमच्या पोरांना परत पाठवा? आणि आई चुकली असेल तर? गावातली सगळी कामं जातील. पुढच्या वर्षीही कोणी बोलावणार नाही, एकदा दाराला लाल कापड लागलं की ते डोक्यातून निघत नाही. आणि आई बरोबर असेल तर? तर मी त्या खुर्चीपासून दोन हातांवर बसून खांदे उडवले होते.

"काय वकील, आज कोर्ट बंद?" दुकानदार खिडकीतून ओरडला. बैठकीपासून मी वकील झालो होतो. काठीच्या डब्यातून त्याने माझ्यापुढे एक लिमलेटची गोळी धरली. "घे, फुकट. मास्तरांची जिरवलीस म्हणून."

मी गोळी घेतली. का घेतली माहीत नाही. तोंडात टाकली आणि मास्तरांकडे गेलो.

फाटकाबाहेरूनच सांगितलं. मास्तर झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून वाहिली.

"कशावरून?" ते म्हणाले.

"आई म्हणते."

"आई म्हणते. ताप?"

"थोडा. कदाचित चुलीचा."

"मंगळवारी तू काय सांगितलंस? जुना आहे. सगळ्या गावासमोर. मी ऐकलं तुझं. माझी चूक झाली असं धरून तुम्हाला घरात घेतलं. आणि आज म्हणतोस नवा आहे." त्यांचा आवाज चढला नाही, त्याने मला जास्त लागलं. "तिकडे गाडीत सामान भरतायत. आता निघतील, उद्या सकाळी इथे. मी त्यांना काय सांगू? गादीवाल्याच्या बायकोला आवाज वेगळा वाटला?"

"मला कळत नाही मास्तर. म्हणून तर आलो."

त्यांनी झारी खाली ठेवली. "चल. मी ऐकतो."

ते आमच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, आम्ही तिघं आत. मध्ये पाच-सहा पावलं. ऊन डोक्यावर आलं होतं.

"गादीवाले, जरा खोकून दाखवा."

बाबा लाजले. खरंच लाजले, मुलगी बघायला आल्यावर गाणं म्हण म्हणतात तसं झालं त्यांचं. दोन्ही हात फडक्यावर घेतले आणि खोकले. खॉक. खॉक.

"तसाच वाटतो," मास्तर म्हणाले.

"हा मुद्दाम काढलेला आहे," आई म्हणाली. "यावरून काय कळणार? आपोआप येऊ दे."

मग आम्ही वाट बघत उभे राहिलो. एरवी बाबांची पाच मिनिटं खोकल्याशिवाय जात नाहीत. आता येईना. मास्तर मनगटावरचं घड्याळ बघत होते, आई बाबांच्या छातीकडे बघत होती आणि बाबा जमिनीकडे. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. कपाळावर शीर उठली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोकला येत नाहीये असं नाही. ते दाबून धरतायत.

"बाबा," मी म्हणालो. "सोडा."

त्यांनी मान हलवली. नाही.

मास्तरांचा फोन वाजला. त्यांनी तो तोंडापासून लांब धरून बोलायची सवय लावून घेतली होती, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. त्यांचा मुलगा होता. "निघतोय आम्ही. सामान भरलं. काही आणायचंय का?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले.

"का? काय झालं?"

मास्तर बाबांकडे बघत राहिले. बाबांनी एक हात कुंपणाच्या खांबावर ठेवला, आणि खोकला फुटला. असा खोकला मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं. गुडघ्यातून निघाल्यासारखा, एकामागोमाग, मध्ये श्वास नाही. ते खांबाला धरून खाली बसले. आईने त्यांची पाठ धरली.

"कोण खोकतंय तिथे?" फोनमधून आवाज आला.

मास्तरांनी आमच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे पाठ केली.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही? केव्हापासून?"

"कालपासून. घसा धरलाय. या वेळी येऊ नका. पोरांना घेऊन तर अजिबात नको."

पलीकडे काहीतरी गडबड झाली, एक बारीक आवाज काहीतरी विचारत होता, कोणीतरी त्याला गप्प केलं. मास्तरांनी फोन बंद केला. बटण लगेच सापडलं नाही त्यांना.

"गादीवाले," ते पाठमोरेच म्हणाले, "आत जाऊन पडा." आणि गेले.

ते असं का बोलले हे मला अजून सांगता येत नाही. आमचं नाव वाचवायला म्हणाले असतील. की स्वतः नको म्हणत असताना खोकणारा माणूस घरात घेतला, हे मुलाला कळू नये म्हणून? आई म्हणाली, मोठा माणूस आहे. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि मास्तरांच्या घरावरच्या कौलांकडे बघत होते.

पण त्यांच्या मुलाला चैन कसं पडणार? त्याने भोंग्याला फोन केला, मास्तरांकडे लक्ष ठेवा म्हणून. भोंग्याच्या कानात गेलं म्हणजे गावात गेलं. चारच्या सुमाराला मी गलका ऐकून बाहेर गेलो तर मास्तरांच्या फाटकापुढे वीस माणसं. दुकानदार आपली काठी घेऊन आला होता. काठीच्या टोकाला लाल कापड अडकवून ते दाराच्या कडीत घालायचा प्रयत्न करत होता, लांबूनच. कापड सारखं पडत होतं.

"सगळं उघडा म्हणत होतास ना तू?" मी म्हणालो.

"मी उघडा म्हणालो. खोकणाऱ्याला मिठी मारा म्हणालो का?"

मास्तर खिडकीत उभे होते. मागून आजींचा आवाज येत होता, "कोण आलंय रे? पोरं आली का?"

"मास्तरांना काही झालेलं नाही," मी म्हणालो. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही. मग ओरडलो. "खोकला आमच्या घरी आहे! मास्तरांना नाही!"

भोंगा वळला. "तुमचा जुना आहे."

"नाही. नवा आहे."

"नियमात लिहिलंय. जुना खोकला सोडून. तूच लिहवून घेतलंस."

"तेव्हा जुना होता."

"आणि आता नवा झाला? चार दिवसांत? कशावरून?"

"आई म्हणते."

हशा पिकला. मंगळवारी हसले होते तसाच, तोच. त्या दिवशी तो मला आवडला होता.

"वकील, एक काय ते ठरव," दुकानदार म्हणाला. "मास्तरांशी बोलणं झालंय वाटतं तुझं. अरे, त्यांना वाचवायला बापाला कशाला अडकवतोस?"

मी खिडकीकडे बघितलं. मास्तर, सांगा ना. त्यांनी हलकेच मान हलवली. गप्प राहा म्हणाले, की जा म्हणाले, की सांगून टाक म्हणाले? तिन्ही वाटलं. मी भोंग्याला म्हटलं, मग मला एक लाल कापड द्या, मी आमच्या दाराला लावतो. तो म्हणाला, कापड मोजून आणलंय, खोटं लावायला नाही.

घरी आलो तर बाबा तसेच भिंतीला टेकून.

"मास्तरांच्या दाराला लावलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आपल्या?"

"देत नाहीत. तुमचा जुना आहे म्हणतात."

बाबा भिंतीचा आधार घेत उठले. कोपऱ्यात नव्या खोळी घडी करून ठेवल्या होत्या, सोमवारच्या कामाच्या. त्यातली वरची लाल होती, कडेला निळी पट्टी. त्यांनी ती उलगडली, कड दातात धरली आणि टर्रकन फाडली.

"बाबा, ती दुकानदाराची खोळ आहे."

"माहीत आहे."

तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या खोळीला कात्री चुकीची लावली नव्हती. हातभर पट्टी काढली, फाटकापाशी गेले आणि वाकून बांधायला लागले. रस्त्यावरून दोन बायका चालल्या होत्या, एकीच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी होती, आमच्याच अंगणात समोर बसून करून घ्यायला येत होती. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "घेऊन जा परत," ते म्हणाले. "पुढे येऊ नका." त्या हसल्या, त्यांना चेष्टा वाटली. मग बाबा ओरडले. माझ्या बाबांना गिऱ्हाइकावर ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "जा म्हणतो ना! कळत नाही का?" बायका तशाच उलट्या पावली मागे गेल्या. ओरडण्याने बाबांना खोकला आला, बराच वेळ चालला, शेवटी ते थुंकले.

आई दारात होती. तिचा चेहरा कसातरी झाला.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"आता शिट्टी आली."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे... जुनाच होता की काय? मला आता काही कळेनासं झालंय. सकाळी खात्रीने वाटत होतं हो. देवाशपथ वाटत होतं." तिने पदर तोंडाला लावला. "सोडा ते. सोडून टाका, उगाच..."

बाबा खाली वाकले. पट्टीची दोन्ही टोकं ओढून त्यांनी अजून एक वेढा दिला आणि गादीच्या कोपऱ्यावर मारतात ती गाठ मारली. ती गाठ बोटांनी सुटत नाही, कापावीच लागते.